हिमोफिलियावरच्या संशोधनासाठी सरकारी निधी मागताना

अर्ज लिहायला बसण्याआधी वॉर्डाचं रजिस्टर उघडा. हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन (फॅक्टर) कमी असण्याचा जन्मजात आजार; 'ए'मध्ये फॅक्टर ८ कमी असतो, 'बी'मध्ये फॅक्टर ९. 'ए' साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो, 'बी' ३०,००० मागे एकाला. जिल्ह्यात वर्षाला २५,००० मुलगे जन्मत असतील, तर 'ए'चे नवे रुग्ण पाचच्या आसपास. म्हणजे एका जिल्ह्याच्या जोरावर 'दोन वर्षांत १०० नवे तीव्र रुग्ण' असं लिहिलं, की परीक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. फॅक्टर १ टक्क्याखाली (तीव्र) किती जण, १ ते ५ मध्ये (मध्यम) किती, इन्हिबिटर (टोचलेल्या फॅक्टरला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्यं) किती जणांना, आणि गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष आले किती, हे चार आकडे काढा. कमी पडले तर आणखी एखादं केंद्र सोबत घ्या. सातारा, नाशिक, अमरावती, ठाणे इथल्या डे केअर केंद्रांशी आधी बोलून संमतिपत्र जोडा.

दार कुठलं ठोठावायचं ते संशोधनाच्या प्रश्नावर ठरतं. उपचाराचा डोस, निदान, इन्हिबिटर, सांध्यांची हानी असे विषय आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) न्या. जीन थेरपीसाठी (सदोष जनुकाऐवजी चांगलं जनुक पेशींत पोचवण्याचा उपचार) केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग पाहा. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या पाच रुग्णांवर लेंटिव्हायरस हा विषाणू जनुकाचा वाहक म्हणून वापरून जी जीन थेरपी झाली आणि जिचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यामागे याच विभागाचा पैसा होता.

बजेटमध्ये सर्वांत मोठी चूक फॅक्टरच्या हिशेबात होते. कमी डोसच्या प्रतिबंधक उपचाराची चाचणी आहे असं धरा: किलोमागे १० युनिट, आठवड्यातून दोनदा. २५ किलोच्या मुलाला एका वेळी २५० युनिट, म्हणजे बरोबर एक वायल (औषधाची कुपी). वर्षाला १०४ वायल, २६,००० युनिट. अशी २० मुलं म्हटली की ५ लाख २० हजार युनिट. पण मूल ३० किलोचं असेल तर ३०० युनिट लागतात आणि वायल येते २५० किंवा ५०० ची. उरलेलं औषध फेकायचं, की डोस वायलला जुळवायचा, हे प्रोटोकॉलमध्येच ठरवून टाका. शिवाय मध्येच होणाऱ्या रक्तस्रावांसाठीचा फॅक्टर वेगळा दाखवा आणि तो सरकारी पुरवठ्यातून येणार की प्रकल्पातून, तेही लिहा. रुग्णाच्या प्रवासखर्चाचा रकाना रिकामा सोडू नका. मुलाला आणायचं तर बापाची त्या दिवसाची रोजी बुडते, आणि तिसऱ्या खेपेनंतर मूल येईनासं होतं.

आता रक्ताचा नमुना. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणजे २.७ मिली रक्ताला ०.३ मिली. ट्यूब अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) खोटंच लांबतं. प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवून, प्लेटलेट पूर्ण काढून, उणे ७० अंशांखाली ठेवा. वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात पाचेक मिनिटं. टेबलावर हळूहळू वितळू दिलं तर क्रायोप्रेसिपिटेट (थंडीत वेगळा होणारा प्रथिनांचा साका) तळाशी बसतं आणि फॅक्टर ८ त्याच्यासोबत जातो. म्हणून डीप फ्रीझर, त्याचा वीज-बॅकअप आणि ड्राय आइस या तिन्हींचे पैसे मागा. नमुने मुंबईच्या एनआयआयएचकडे (आयसीएमआरची रक्तविकारांवरची संस्था) पाठवणार असाल तर त्यांचं लेखी सहकार्यपत्र हवं.

एमिसिझुमॅब हे फॅक्टर ८ चं काम करणारं औषध घेणारे रुग्ण गटात असतील तर जास्त सावध राहा. त्यांचं एपीटीटी नॉर्मल येतं आणि गोठण्याच्या वेळेवरून फॅक्टर मोजणाऱ्या नेहमीच्या वन-स्टेज पद्धतीत फॅक्टर ८ फुगलेला दिसतो. गाईच्या प्रथिनांवरची क्रोमोजेनिक (रंगाच्या बदलावरून फॅक्टर मोजणारी) किट हवी, नाहीतर इन्हिबिटर आहे की नाही तेच कळणार नाही. ही किट महाग असते, त्यामुळे कोटेशन आधीच जोडा.

एथिक्स कमिटीची फाइल अर्जाबरोबरच हलवा, कारण तिच्या मंजुरीशिवाय पैसा सुटत नाही. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती, १२ ते १८ ची लेखी, शिवाय पालकांची सही. चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी. परदेशी भागीदार किंवा परदेशी पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी, आणि तिचा वेळ वेळापत्रकात धरा.

दुसऱ्या हप्त्याला बहुतेकदा आडवं येतं ते वापर प्रमाणपत्र, म्हणजे निधी कसा खर्चला ते दाखवणारा केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतला फॉर्म जीएफआर १२-ए. महाविद्यालयाच्या लेखा शाखेला पहिल्याच आठवड्यात हा फॉर्म दाखवा, प्रकल्पाचं खातं वेगळं ठेवायला सांगा, आणि मार्चअखेर न खर्चलेली रक्कम व तिच्यावरचं व्याज दोन्ही त्यात दाखवा.