डॉल्फिनच्या मेंदूतील मज्जातंतू कसे ओळखावेत

बाटलीनाक डॉल्फिनचा सुमारे दीड किलोचा, फॉर्मेलिनमध्ये मुरवलेला मेंदू हातमोजे घालून, तळाची बाजू वर येईल अशा रीतीने ट्रेमध्ये ठेवावा. तो लांबीपेक्षा रुंदीला जास्त भरतो, त्यामुळे माणसाच्या मेंदूची आकृती समोर ठेवून दिशा ठरवू नये.

मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्यांची मोजणी पुढून सुरू करावी, पण पहिली जोडी, म्हणजे वासाचा मज्जातंतू, शोधण्यात वेळ दवडू नये. डॉल्फिन ज्यांत मोडतो त्या दंतधारी (दात असलेल्या) देवमाशांत प्रौढपणी ती नसतेच. (दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असलेल्या बलीन देवमाशांत मात्र ती टिकून आहे.) म्हणून पहिली ठळक खूण दृष्टीच्या मज्जातंतूंची फुली हीच धरावी.

तेथून मागे सरकत सेतूच्या, म्हणजे मेंदूच्या तळावरील आडव्या फुगीर पट्ट्याच्या, कडेला आले की आठवी जोडी दिसते. ती इतकी जाड असते की ती पाचवी, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनेची जोडी, समजण्याची चूक सहज होते. बलीन देवमाशांत सर्वांत जाड पाचवीच असते, दंतधाऱ्यांत आठवी. आठवीतला बहुतेक भाग ऐकण्याचा असून तोल सांभाळणारा भाग अगदी बारीक असतो. तिला लागूनच सातवी निघते आणि नासामार्गाभोवतीच्या, आवाज निर्माण करणाऱ्या स्नायूंना ती चालवते.

खात्रीसाठी मध्यमेंदूच्या पाठीवरचे चार उंचवटे जरूर पाहावेत: श्रवणाची मागची जोडी दृष्टीच्या पुढच्या जोडीहून कितीतरी मोठी असते, आणि प्रतिध्वनीवर जगणाऱ्या प्राण्याचे सारे जीवन त्या दोन फुगवट्यांत डोळ्यांनी दिसते. उरलेल्या बारीक जोड्या भिंगाखाली, आवरण हलकेच सोलून तपासाव्यात.