तांब्या खाली ठेवा, आधी माती बघा

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला की कुंडीतली झाडं मान टाकतात, आणि आपला जीव तुटतो. मग तांब्यावर तांब्या. माझी पहिली पीस लिली, म्हणजे पांढऱ्या फुलांचं घरात ठेवायचं झाड, अशीच गेली. पानं लोळली की पाणी, परत लोळली की परत पाणी. उपटून पाहिली तर मुळं काळी, लिबलिबीत, कुजका वास. कुंडीत मी शेतातली काळी माती भरली होती. कपाशीला, केळीला ती माती सोनं आहे. कुंडीत मात्र ती पाणी धरून बसते. वाळली की कडेला भेग पडते आणि घातलेलं पाणी मुळांना न लागता खाली निघून जातं.

आता मी दोन भाग पोयटा, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू आणि वर मूठभर कुजलेलं शेणखत घेते. पाण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालते. कोरडं लागलं तर पीस लिलीला पोटभर पाणी. काही तासांत ती उभी राहते. माती ओली असूनही लोळली असेल, तर मुळं तपासा.

झाड नीट ओळखा. मनी प्लांटचं पान जाडसर, मेणचट, देठाला वरून पन्हळ. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या फिलोडेंड्रॉनचं पान पातळ, आणि कोवळं पान पापुद्र्यातून बाहेर येतं. या दोघांत गफलत झाली तरी बिघडत नाही, निगा सारखीच. झेडझेड प्लांटचं तसं नाही. पूर्व आफ्रिकेतलं हे झाड मातीखाली बटाट्यासारख्या गाठींत पाणी साठवतं. त्याला आणि तलवारीसारख्या उभ्या पानांच्या स्नेक प्लांटला मे महिन्यातही माती पार सुकल्यावरच पाणी द्या.

डिफेनबेकिया, म्हणजे मोठ्या पानांवर पांढरट शिंतोडे असलेलं झाड, रांगतं बाळ असेल तर उंचावरच ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. मनी प्लांटही तोंडात जाऊ देऊ नका.

कूलर हवाच, पण त्याचा झोत थेट पानांवर नको. पश्चिमेच्या खिडकीला दुपारी पडदा ओढा. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, पानांची टोकं करपतात. मी पावसाळ्यात गच्चीवर पिंप भरून ठेवते, आणि कुंड्या बदलायचं काम जूनमधला पहिला चांगला पाऊस झाल्यावरच काढते.