स्वस्तातला बेस गिटार निवडताना या चुका टाळा

मोबाइलच्या स्पीकरवर दोन व्हिडिओ लावायचे आणि "हा जास्त घुमतो" म्हणत ऑर्डर टाकायची, ही चूक तर रोजचीच झालीय. बेसची जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. तो खर्ज मोबाइलच्या स्पीकरातून बाहेरच येत नाही. ऐकू येते ती नुसती वरची टकटक. निदान हेडफोन तरी लावा.

दुकानात दोन बेस वाजवाल तर अँप (अँप्लिफायर) एकच ठेवा, टोनची बटणं मधोमध ठेवा आणि दोघांचा आवाज सारखा करून घ्या. आयबानेझ जीएसआर २०० मध्ये खर्ज उचलणारं बॅटरीवरचं सर्किट आहे, यामाहा टीआरबीएक्स १७४ पूर्ण पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा आहे. पहिला जोरात वाजला म्हणून सरस ठरत नाही. खर्जाचं बटण शून्यावर आणून मग ऐका. एकाच्या तारा नव्या आणि दुसऱ्याच्या काळवंडलेल्या असतील तर तुम्ही बेस नव्हे, तारा तोलताय.

आता सगळ्यात महागडी चूक. परभणीकडच्या एका भीमगीतांच्या पार्टीतल्या मुलाने कुरिअरने बेस मागवला, १४ एप्रिलला आठ दिवस राहिले असताना. पहिल्या तीन-चार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, ई तार करकरायची. अर्धा व्हिडिओ बघून पठ्ठ्याने ठरवलं, ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा बाक सांभाळणारा धातूचा दांडा) ढिला आहे. मापाची अॅलन की (षटकोनी चावी) नव्हती, जवळपासची घातली आणि दीड फेरा आवळला. करकर वाढली, म्हणून अजून आवळला. शेवटी रॉडच्या नटाचे कोपरे झिजले आणि की नुसतीच फिरायला लागली. खरं तर मान आधीच जास्त सरळ होती, पाव फेरा ढिला केला असता तर भागलं असतं. उत्सवात त्याने उसना बेस वाजवला.

तपासणी दोन मिनिटांची आहे. तारा सुरात लावा. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट नसेल तर रॉड पाव फेरा ढिला, जास्त असेल तर पाव फेरा आवळा. मग पुन्हा सूर लावून रात्रभर ठेवा. लाकडाला वेळ लागतो, घाई तुम्हाला असते. त्यानंतरच ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीच्या) स्क्रूने बाराव्या फ्रेटवर तारांची उंची लावा: ई तार २.५, सगळ्यात बारीक जी तार २ मिलिमीटरच्या आसपास. एवढं न करता "हा पीस करकरतो, तो नाही" म्हणणं म्हणजे दोन दुकानदारांच्या स्क्रू-ड्रायव्हरची तुलना. बेस नाकारायचा तो मान पिळलेली असेल किंवा रॉड फिरतच नसेल तर.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डचं (मानेवरच्या फ्रेट बसवलेल्या फळीचं) लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. तळहात मानेच्या कडेवरून वरखाली फिरवा. करवतीसारखं ओरबाडलं तर बारीक कानशीचा खर्च आत्ताच धरा.

पाच तारांचा हट्ट पहिल्याच बेसला नको. स्वस्तातल्या बेसवर ती पाचवी, ईपेक्षाही जाड बी तार बऱ्याचदा लुळी लागते.

लहान हात म्हणून ३० इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) घ्यायला हरकत नाही, पण तो ३४ इंचीच्या शेजारी वाजवून बघा. तारांचा ताण कमी जाणवतो.

पट्टा गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडा. मान खाली झुकली तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा बोलेल.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटमधला एखादा स्वर पटकन विझतो का, तेही बघा. थोडं विझणं महागड्या बेसमध्येही असतं. ठप्प मरत असेल तर दुसरा पीस मागा.

गिटारच्या छोट्या अँपवर बेस जोरात वाजवून परीक्षा घेऊ नका, स्पीकर फाटतो.

तारांना हात लावल्यावर गुंई कमी झाली तर घाबरू नका, सिंगल कॉइल पिकअपला (तारांचा आवाज उचलणाऱ्या एका वेटोळ्याच्या चुंबकाला) एवढं चालतं. पण बोटांना झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा आणि आधी बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या.