ग्रँड कॅन्यनमध्ये उतरायचंय? मग आधी वर येण्याचा हिशोब करा

डोंगर चढताना दम आधी लागतो, नाही झेपलं की माणूस अर्ध्यातनं मागे फिरतो आणि उतार आयता मिळतो. कॅन्यनमध्ये सगळं उलटं. आधी गार हवा, मस्त उतार, पाय आपोआप पळतात, फोटो गप्पा चालूच, आणि खूप खाली आलो हे कळेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं, पाणी संपत आलेलं असतं आणि अख्खा चढ बाकी असतो.

आधी ट्रेल ठरवा. साउथ रिमवरनं, म्हणजे दरीच्या दक्षिणेकडच्या कडेवरनं, तळातल्या कोलोरॅडो नदीपर्यंत जाणारे दोन मोठे ट्रेल आहेत, साउथ कायबाब आणि ब्राइट एंजल. कायबाब डोंगराच्या सोंडेवरनं उतरतो त्यामुळे नजारा दोन्हीकडे मोकळा, पण सावली जवळपास नाहीच आणि पाणी तर थेंबभरही नाही. नदीपर्यंत साधारण ७ मैल आणि उतार जवळजवळ ४,८०० फूट. या ट्रेलच्या सुरुवातीला स्वतःची गाडी नेता येत नाही, ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कची शटल बस पकडायची. ब्राइट एंजल लांब आहे पण चढ जरा सुसह्य, आणि ४.५ मैलांवर हवासुपाई गार्डन्सला झाडं आणि पाणी आहे. (२०२२ पर्यंत याचं नाव इंडियन गार्डन होतं, जुन्या नकाशात तेच दिसेल.) पण नळांच्या भरवशावर जाऊ नका, पाणी आणणारी पाइपलाइन जुनी आहे आणि सारखी फुटते, कधीकधी ट्रेलचा भागही कामासाठी बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी पार्कची वेबसाइट बघायचीच.

पहिल्यांदा जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, कायबाबवर सीडर रिज नावाच्या टप्प्यापर्यंत जा आणि परत या. जायला दीड मैल, उतार ११०० फुटांच्या आसपास, ऐकायला किरकोळ वाटतं पण वर येताना समजतं. एका दिवसात नदी गाठून परत यायचा हट्ट नको, पार्कवालेही हेच सांगतात, उन्हाळ्यात तर हमखास. खाली तंबू टाकून मुक्काम करायचा तर पार्कचा परवाना (बॅककंट्री परमिट) लागतो, दिवसभरात जाऊन यायला नाही लागत.

आता वेळेचं गणित. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. म्हणजे हातात ६ तास असतील तर २ तास झाले की फिरायचं, समोर कितीही भारी पॉइंट दिसत असला तरी. मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा कारण उतरताना कोणालाच फिरावंसं वाटत नाही. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चालायचंच नाही, पहाटे निघायचं. वर गारवा असला तरी तळाशी तापमान ११ ते १७ अंश सेल्सिअसने जास्त असू शकतं, जुलैत तिथे ४० च्या वर जाणं नेहमीचंच.

पाण्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि खाल्लं काहीच नाही तर रक्तातलं सोडियम घसरतं, मग डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं, आणि बरोबरचे लोक ऊन लागलं समजून अजून पाणी पाजतात! म्हणून खारे दाणे, चिप्स, इलेक्ट्रोलाइट पावडर जवळ ठेवा आणि भूक नसली तरी तोंडात टाकत राहा. जिथे पाणी मिळेल तिथे टोपी शर्ट भिजवून घ्या, सुकेपर्यंत अंगात एसी असल्यासारखं वाटतं.

हिवाळ्यात वरच्या टप्प्यात बर्फ असतो, बुटांना लावायचे स्पाइक्स हवेतच.

आणि खेचरांची रांग आली तर दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला सरकून गप उभं राहायचं, हाकणारा सांगेल तसं करायचं, आणि शेवटचं खेचर ५० फूट पुढे गेल्याशिवाय जागचं हलायचं नाही.