हवाईला जाताय? लाटांचे नुसते फूट बघू नका
लाटांच्या अंदाजात फुटांच्या शेजारी सेकंदात पिरियड (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ) दिलेला असतो, आधी तो बघा. ६ फूट ७ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठलेला खळखळाट, पण तेच ६ फूट १६ सेकंद असेल तर ती लांबच्या वादळातून आलेली स्वेल, म्हणजे दूरवरून प्रवास करत आलेली लाट, उथळ पाण्यात आली की एकदम उंच उभीच राहते. आणि हो, तिथले जुने सर्फर लाट मागून मोजतात, त्यांचे ५ फूट म्हणजे समोरून जवळपास १०, ह्यात भलेभले फसतात! ओआहू बेटाचा नॉर्थ शोर (उत्तर किनारा) हिवाळ्यात खवळतो, उन्हाळ्यात तिथेच बहुतेक वेळा तळ्यासारखं पाणी. तरी उतरण्याआधी १५-२० मिनिटं वाळूत बसून बघा, कारण मोठ्या लाटांचा सेट (लागोपाठ येणारा गट) थांबून थांबून येतो.