स्पॅनिशचा दुसरा टप्पा: इंग्रजीला वळसा घालून मराठीतून

पहिल्या वर्षी अंक, रंग आणि वर्तमानकाळ यांच्या बळावर स्पॅनिश बरी चालते. खरा कस लागतो तो दोन भूतकाळ आणि 'सुबखुंतिबो' (इच्छा किंवा अजून न घडलेली गोष्ट सांगणारे क्रियापदाचे रूप) समोर येतात तेव्हा. रत्नागिरीत अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना मला वारंवार दिसते की प्रत्येक वाक्य ती आधी इंग्रजीत जुळवतात आणि तेथेच चुकतात. या टप्प्यावर इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीतून स्पॅनिशकडे जावे, कारण नेमक्या अवघड जागी या दोन भाषांची रचना आश्चर्य वाटावे इतकी जुळते.

सुरुवात आवडीनिवडीपासून करावी. इंग्रजीच्या वळणाने जाणारा विद्यार्थी 'यो गुस्तो एल मांगो' असे चुकीचे लिहितो. 'मला आंबा आवडतो' हे वाक्य मनात धरले की 'मे गुस्ता एल मांगो' सहज सुचते आणि 'आंबे आवडतात' म्हटले की 'मे गुस्तान लोस मांगोस' हेही. दोन्हीकडे क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. तसेच आपण 'होडी पाहिली' म्हणतो पण 'आजीला पाहिले' म्हणतो. स्पॅनिशमध्येही 'बी एल बार्को', परंतु 'बी आ मी आबुएला'. माणसाआधी येणारा तो 'आ' म्हणजे आपला 'ला' समजावा.

भूतकाळांना सर्वांत जास्त वेळ द्यावा. मिरकरवाड्यातल्या एका विद्यार्थिनीने आजोबांवर लिहिताना, ते रोज रात्री मासेमारी करत, या अर्थी 'पेस्को' लिहिले होते. तेच मराठीत सांग म्हटल्यावर ती म्हणाली, "आजोबा रोज रात्री मासे पकडायचे, एका रात्री वाऱ्याने जाळं फाडलं." 'पकडायचे' आणि 'फाडलं' यांतला फरक तिच्या कानाला ठाऊकच होता, तिने स्वतःहून 'पेस्को' खोडून 'पेस्काबा' केले आणि पुढे 'एल व्येंतो रोंप्यो ला रेद' लिहिले. जेथे मराठीत '-यचा' किंवा 'करत असे' येते, तेथे 'इंपेरफेक्तो' घालावा. जेथे घटना एकदा घडून संपली, तेथे 'इंदेफिनिदो'. मात्र 'होता' या शब्दापाशी थांबावे, कारण तो दोन्हीकडे जातो. त्याच्या जागी 'झाला' चालत असेल तर बहुतेक वेळा 'फुए' हे 'इंदेफिनिदो'चे रूप बरोबर ठरते: 'प्रवास छान झाला'. 'समुद्र शांत होता' हे मात्र आधीपासूनच्या स्थितीचे वर्णन असल्यामुळे तेथे 'एस्ताबा' हे 'इंपेरफेक्तो'चे रूप येते.

'सुबखुंतिबो'ची भीती बाळगू नये. मोहोर आल्यावर बागायतदार 'अवकाळी पाऊस पडू नये' म्हणतो, तोच भाव 'ओखाला नो युएबा' यात आहे. 'तू यावेस असे मला वाटते' याला 'किएरो के बेंगास'. इच्छेपुरता आपला विध्यर्थ पुरतो, पण 'तू येशील तेव्हा' येथे मराठीत भविष्यकाळ असतो आणि स्पॅनिशला 'कुआंदो बेंगास' असा 'सुबखुंतिबो'च लागतो, म्हणून ही वाक्ये वेगळी पाठ करावीत. 'सेर' आणि 'एस्तार' या 'असणे' अर्थाच्या दोन क्रियापदांचेही तसेच आहे: 'एस आबुर्रिदो' म्हणजे कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे कंटाळला आहे.

उच्चारांत आपले त आणि द जसेच्या तसे चालतात. 'पेरो' (पण) आणि 'पेर्रो' (कुत्रा) यांतला र मात्र रोज घोळवावा. येथे मी शब्द देवनागरीत दिले असले तरी वहीत ते रोमन लिपीतच लिहावेत, नाहीतर शुद्धलेखन कधीच बसत नाही.

अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या भाषासंस्थेच्या 'देले' या स्पॅनिश परीक्षेची शालेय आवृत्ती आहे; एकाच परीक्षेतील गुणांवरून ए-2 किंवा बी-1 पातळी ठरते. तिची तयारी करताना आठवड्यातून दोनदा घरातल्या वडीलधाऱ्यांची एखादी जुनी आठवण मराठीत ऐकून घ्यावी, तिच्यातील 'यचा'ची क्रियापदे आणि एकदाच घडलेल्या घटनांची क्रियापदे वेगवेगळ्या शाईने अधोरेखित करावीत आणि मगच दहा ओळी स्पॅनिशमध्ये लिहाव्यात.