पंधराव्या वर्षी सिनियर टीममध्ये: गिल्बर्टो मोराची मॅच नाशिकमध्ये बसून कशी बघायची

आपल्याकडे टर्फवर फुटबॉल खेळणाऱ्या दहा पोरांना विचारा कुठे खेळायचंय, त्यातली आठ म्हणणार फॉरवर्ड, एक गोलकीपर होणार कारण त्याला बाकीच्यांनी ढकललंय, आणि मिडफिल्डला कोणीच नाही. म्हणून हे लिहितोय. मिडफिल्ड शिकायचं असेल तर मोठे स्टार बघण्याआधी आपल्याच वयाचं पोरगं बघा, मेक्सिकोचा गिल्बर्टो मोरा. जन्म १४ ऑक्टोबर २००८, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या पोरांच्या बरोबरीचा. जन्मगाव चियापास राज्यातलं, पण खेळतो तिहुआनाकडून, अगदी अमेरिकेच्या बॉर्डरला लागून असलेलं शहर, क्लबला सगळे शोलोस म्हणतात (अंगावर केस नसलेल्या एका मेक्सिकन कुत्र्यावरून, लोगोवर पण तोच आहे).

आधी सर्च नीट करा. त्याचे वडीलपण प्रोफेशनल फुटबॉलर होते आणि त्यांचंही नाव गिल्बर्टो मोरा, त्यामुळे नुसतं नाव टाकलं की जुनी माहिती मध्येच घुसते. नावापुढे तिहुआना टाका, किंवा २००८.

मग वेळ. इथे बरेच जण गडबडतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं, पण तिहुआनासारखी बॉर्डरची शहरं अजून अमेरिकेसोबत घड्याळ बदलतात. म्हणजे मेक्सिको सिटी वर्षभर आपल्या साडेअकरा तास मागे, आणि तिहुआना उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. मॅचची वेळ कुठल्या शहराची लिहिलीये ते बघूनच अलार्म लावा. तिथे शुक्रवारी रात्री ९ ची मॅच असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेनऊ, म्हणजे मिसळ खाऊन येऊन निवांत बघता येते, युरोपच्या मॅचसारखं रात्रभर जागायची भानगडच नाही. लीग वर्षातून दोनदा होते, जुलैपासून अपर्तुरा आणि जानेवारीपासून क्लाउसुरा, दोन्हीचे चॅम्पियन वेगळे, त्यामुळे जुना पॉइंट टेबल बघून बसू नका.

आता कुठल्या मॅचपासून सुरुवात करायची. ऑगस्ट २०२४ मध्ये शोलोसकडून त्याचा डेब्यू झाला तेव्हा तो १५ वर्षांचा होता, आणि त्याच महिन्यात लिओनविरुद्ध गोल मारून तो मेक्सिकन लीगचा सगळ्यात लहान गोल-स्कोअरर झाला. तो गोल सगळेच बघतात, तुम्हीपण एकदा बघा आणि सोडून द्या. शिकायला खरा माल २०२५ च्या गोल्ड कपमध्ये आहे (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या देशांची स्पर्धा). मेक्सिकोचा कोच हावियेर आगिरेने त्याला क्वार्टर फायनलला सौदी अरेबियाविरुद्ध थेट पहिल्या अकरात घेतलं, वय १६ वर्ष २५७ दिवस, मग सेमीला होंडुरासविरुद्ध स्ट्रायकर राउल हिमेनेझने जो एकमेव गोल मारला त्याचा पास मोराचा, आणि फायनलला ह्यूस्टनमध्ये अमेरिकेला २-१ हरवलं तेव्हाही तो पहिल्या अकरात होता. सिनियर नॅशनल टीमकडून मोठी स्पर्धा जिंकणारा सगळ्यात लहान खेळाडू, याआधी ते नाव स्पेनच्या लामिन यमालचं होतं, आणि युरो २०२४ जिंकला तेव्हा यमाल १७ वर्ष १ दिवसाचा होता.

सेमीपासून सुरू करा. हिमेनेझचा गोल लागतो तिथून पंधरा सेकंद मागे घ्या. मोरा बॉल घेऊन पुढे सुटतो तेव्हा डिफेंडर त्याच्याकडे ओढले जातात, आणि पास सुटतो तो तेव्हाच, ना आधी ना नंतर. तीन-चार वेळा बघा, एकदा फक्त मोरा, एकदा फक्त हिमेनेझ, एकदा फक्त डिफेंडर. आपली पोरं असा बॉल मिळाला की एकतर घाबरून लगेच देऊन टाकतात नाहीतर पाच जणांना कट मारायला जातात.

यानंतर पूर्ण मॅच मिळाली तर ती, हायलाइट्समध्ये हे दिसत नाही. गोल किंवा असिस्ट मोजायचं नाही. दहा मिनिटं धरा, वही घ्या, आणि बॉल त्याच्याकडे यायच्या आधी त्याने मान वळवून मागे बघितलं की एक रेघ. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो हे मान्य, पण गोल किक आणि थ्रो-इनला लांबचा शॉट येतो, तेव्हा तो कुठे उभा आहे ते शोधा. समोरच्या मिडफिल्डर आणि डिफेंडरच्या मधली जी मोकळी पट्टी असते तिथे सरकतो का, बॉल घेताना अंग गोलपोस्टकडे उघडं आहे की पाठ केलेली, आणि बॉल गेला की लगेच मागे धावतो की हात वर करून रेफ्रीकडे बघतो (आपल्याकडचा आवडता प्रकार).

मग हेच मैदानावर. खुणेचे चार कोन ठेवून छोटा चौकोन, मध्ये एक जण, समोरून एक बॉल देणार आणि तिसरा पाठीमागे उभा राहून बोटं दाखवणार. बॉल पायाला लागायच्या आधी मधल्याने मागे बघून आकडा ओरडायचा. चुकला तर पुन्हा. पंधरा मिनिटं बास, यासाठी टर्फचे तासाचे पैसे भरायची गरज नाही, कॉलनीतला ओपन प्लॉट चालतो. आणि पालकांना एक विनंती, मोरा पंधराव्या वर्षी खेळला म्हणून आपल्या पोराला एका दिवसात तीन मॅच खेळवू नका.

ट्रान्सफरच्या बातम्या कशा गाळायच्या हेपण सांगतो कारण ग्रुपवर रोज कोणीतरी त्याला माद्रिदला पाठवतं. फिफाच्या नियमाने १८ पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही, अपवाद आहेत पण मोजके. म्हणजे १४ ऑक्टोबर २०२६ च्या आधी करार ठरू शकतो, पण त्या तारखेच्या आधीच तो युरोपात खेळायला लागला अशी बातमी दिसली की तारीख बघा आणि ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.

शेवटी २०२५ चा अंडर-२० वर्ल्ड कप, चिलीमधला. तो अजून सोळाचाच होता, म्हणजे समोरची बरीच पोरं तीन-चार वर्षांनी मोठी. स्पेनविरुद्ध २-२, दोन्ही गोल मोराचे, मग मोरोक्कोला १-० हरवलं तो पेनल्टी पण त्याचाच. पण माझं मत विचाराल तर अर्जेंटिनाविरुद्धची क्वार्टर फायनल बघा, मेक्सिको ०-२ हरलं ती. टीम मागे असताना मिडफिल्डर बॉल मागायला कुठे येतो, खाली सेंटर-बॅकपाशी की वरच थांबतो, वहीत तेवढंच लिहा, आणि रविवारी तुमच्या टीमवर पहिला गोल पडला की तुमचा मिडफिल्डर कुठे उभा आहे तेपण लिहा.